गावच्या ख्रिस्ती मंडळीचा इतिहास लिहायचाय? आधी चुना खरवडा

आमच्या मंडळीनं, म्हणजे गावातल्या चर्चच्या लोकांनी, शंभरी नऊ वर्षं आधीच साजरी केली. मांडव, जेवणावळ, स्मरणिका, सगळं २०१२ मधे धडाक्यात झालं, कारण कुठल्यातरी जुन्या अहवालात देऊळ, म्हणजे चर्चची इमारत, १९१२ चं असं छापलेलं होतं आणि पुढच्या प्रत्येकानं तेच उतरवून काढलं. नंतर भिंतीचे पोपडे काढताना कोनशिला निघाली, दर नाताळाला मारलेल्या चुन्याखाली दबलेली, त्यावर सरळ १९२१. आकडे उलटे झाले होते बस. स्मरणिका लिहिणाऱ्यांत मीपण होतो, म्हणून हे लिहितोय.

पहिलं काम म्हणजे तीन तारखा वेगळ्या ठेवा. गावातला पहिला बाप्तिस्मा कधी, पंच (मंडळीचे कारभारी) निवडून मंडळी कधी उभी राहिली, आणि देऊळ कधी बांधलं. लोक या तिन्हीचा एकच गोळा करतात. कित्येक गावांत देवळाच्या आधी वर्षानुवर्षं कोणाच्यातरी ओसरीत नाहीतर निंबाखाली उपासना व्हायची, ते कोणी लिहीत नाही.

मग मिशन कोणतं ते बघा, कारण कागद त्यांच्याकडं असतात. नागपुरात १८४५ ला स्टीफन हिस्लॉप आले ते स्कॉटिश मिशन. अमरावती-अकोला-खामगाव पट्ट्यात अलायन्स (ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स), यवतमाळकडं फ्री मेथडिस्ट, बुलढाणा-वाशीमकडं नाझरीन, असं ढोबळ समजा. मिशनं आपसात इलाखे वाटून घ्यायची, कधी अदलाबदलही करायची, म्हणून एकाच गावाचे जुने कागद दोन ठिकाणी निघू शकतात. आणि २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा चर्च मिळून सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) झालं, त्यात गेलेल्या मंडळ्यांच्या रजिस्टरवरचं नावच बदललं. ती वेगळी मंडळी समजून बाजूला ठेवू नका. अलायन्स अन् फ्री मेथडिस्ट त्यात गेले नाहीत.

आता रजिस्टर, खरा माल तिथंच आहे. बाप्तिस्मा, लग्न, दफन अशी तीन वेगळी असतात, बहुतेक पाळकसाहेबांच्या लोखंडी पेटीत. फोटो दिवसा दारात बसून काढा, फ्लॅश नको, थुंकी लावून पान उलटू नका आणि फाटलं तर सेलोटेप तर अजिबात लावू नका, काही वर्षांत तो पिवळा पडून अक्षरं सोबत घेऊन जातो. नुसती नावं उतरवू नका, धंद्याचा रकाना पण घ्या. आमच्याकडं एका पानावर ओळीनं मजूर, मजूर, मजूर, आणि मधेच एक बाई, पुढं लिहिलंय बायबल बाई. ती गावोगाव पायी जाऊन बायकांना वाचायला शिकवायची असं म्हातारे सांगतात. स्मरणिकेत मात्र मिशनरी साहेबांचे चार फोटो आणि तिचं नावसुद्धा नाही.

म्हाताऱ्यांना साल विचारू नका हो! साल कोणाच्या लक्षात राहतं? आमची आजी म्हणायची, "मानमोडीत माह्या आज्याले पुरलं, तवा देऊळ कुठी होतं?" मानमोडी म्हणजे १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ, झालं ना, देऊळ १९१८ नंतरचं. हे आम्ही तेव्हाच ऐकलं असतं तर मांडवाचे पैसे वाचले असते. तसंच बहात्तरचा दुष्काळ धरा, किंवा "त्या वर्षीच्या उलंगवाडीले" असं काही निघालं तर कापसाचा हंगाम संपल्यावर एवढं तरी कळतं.

मंडळी वाढली की घटली हे दहा-दहा वर्षांचे गठ्ठे करून मोजा. लेकरांचे बाप्तिस्मे वेगळे, मोठ्यांचे वेगळे, दुसऱ्या मंडळीत जायचं बदलीचं पत्र घेऊन आलेले-गेलेले वेगळे. प्रभुभोजनाचे सभासद (भाकर-द्राक्षारसाच्या विधीत भाग घेणारे) म्हणजे एकूण माणसं नाहीत, लहान पोरं त्यात नसतात, इथं भले भले चुकतात. आणि पोरं पुण्याला-नागपूरला गेली म्हणून बाकं रिकामी झाली असतील तर तसंच लिहा, देवाची कृपा म्हणून आकडे फुगवू नका.

देवळाच्या जागेसाठी सातबारा, जुने फेरफार आणि धर्मादाय आयुक्तांकडचा शेड्युल वनचा (ट्रस्टच्या नोंदवहीचा) उतारा काढा. कंटाळवाणं काम आहे पण करा.

छापायच्या आधी मात्र कच्चं लिखाण रविवारी उपासनेनंतर मोठ्यानं वाचून दाखवा. दुसऱ्या वेळी इतिहास लिहिताना आम्ही हे केलं. घंटा साहेबांनी विलायतेहून आणली असं लिहिलं होतं, तर मागून एक बुढी उठली, "कायची विलायत! कापणीच्या सणाले कापूस जमा झाला, तो इकून माह्या बानं अमरावतीहून आणली, बैलबंडीत." ते पान परत टाईप केलं.