भाडं थकलंय? कुलूप लावण्याआधी आणि खोली सोडण्याआधी

कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या दोन खोल्या असोत की लक्ष्मीपुरीतला गाळा, भाडं थकलं की मालकाला कुलूप आठवतं आणि भाडेकरूला डिपॉझिट. कोर्टात मात्र विचारलं जातं ते वेगळंच: कागद कुठला, नोटीस कधी पोचली, पैसे कोणत्या तारखेला दिले? म्हणून सुरुवात कागदापासून करू.

कागद कुठला आहे

जुन्या पेठांमधल्या बऱ्याच जागा वर्षानुवर्षांच्या भाडेकरूंकडे आहेत. त्यांना महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ यातलं, थकलेल्या भाड्यावरून ताबा मागण्याबद्दलचं कलम १५ लागतं. नव्या फ्लॅटचा करार बहुधा अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती जागा वापरायची परवानगी, असा असतो. राहण्याच्या जागेच्या अशा कराराची मुदत संपूनही माणूस हलत नसेल तर मालकाला त्याच कायद्याच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा प्रकरणांसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) जाता येतं आणि मुदतीनंतरच्या दिवसांसाठी दुप्पट दरानं भरपाई मागता येते. अशा प्रकरणात लायसन्सधारकानं समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत शपथपत्रासह बचावाची परवानगी मागायची असते. ती मागितलीच नाही, तर मालकाचं म्हणणं मान्य धरलं जातं. दुकानाच्या लायसन्सला ही वाट नाही.

स्टॅम्पपेपरवर नोटरी केली की झालं, हा समज मालकाला सगळ्यात महाग पडतो. कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. नोंदणीचा खर्चही फार नाही. महिना ८,००० भाडं, ३०,००० डिपॉझिट, ११ महिने: भाडं ८८,०००, डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज २,७५०, बेरीज ९०,७५०. तिच्या पाव टक्का म्हणजे साधारण २२७ रुपये मुद्रांक शुल्क. त्यावर महापालिका हद्दीत १,००० रुपये नोंदणी फी. घरफाळा आणि पाणीपट्टी कोण भरणार, हेही त्यातच लिहून घ्या. निम्मी भांडणं तिथूनच सुरू होतात.

मालकानं नोटीस कशी द्यावी

कलम १५ चा दावा नोटीस *पोचल्यापासून* ९० दिवस उलटल्याशिवाय दाखल करता येत नाही. अनेक दावे इथंच पडतात, कारण दिवस नोटिशीवरच्या तारखेपासून मोजलेले असतात. नोटिशीत जागेचं वर्णन सिटी सर्व्हे नंबरासह, महिन्याचा दर, कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत थकलं, मधे किती मिळालं आणि एकूण आकडा, एवढं स्पष्ट लिहा. तीन वर्षांपलीकडची थकबाकी वसूल होत नाही. ती आकड्यात घुसवली की नोटीसच वादात सापडते. मूळ भाडेकरू वारला असेल तर जागेत राहणाऱ्या वारसांच्या नावानं नोटीस काढा.

पाठवताना पोस्टानं, पोचपावती मिळेल अशा प्रकारेच पाठवा. 'घेण्यास नकार' असा शेरा मारून परत आलेलं पाकीट फोडू नका, तसंच बंद ठेवा. व्हॉट्सॲपवरच्या मेसेजवर विसंबून राहू नका.

भाडं मिळालं की पावती द्या. कायद्यानं ती सक्तीचीच आहे.

भाडेकरूनं काय करावं

नोटीस आली की पहिलं काम आकडा पडताळण्याचं. मान्य असलेली रक्कम ९० दिवसांच्या आत बँकेतून भरा. मालक पैसे घेतच नसेल तर मनीऑर्डर करा आणि परत आलेली पावती सांभाळा. भाडं द्यायची तयारी होती याचा तोच पुरावा. डिपॉझिटमधून वळतं करून घ्या असं तोंडी सांगून गप्प बसू नका. मालकाची लेखी मान्यता नसेल तर तुम्ही थकबाकीदारच राहता.

दावा दाखल झाला तरी एक संधी उरते. समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत सगळी थकबाकी वर्षाला १५ टक्के सरळ व्याजासह कोर्टात भरली, पुढं दरमहा नियमित भरत राहिलात आणि कोर्ट सांगेल तो दाव्याचा खर्च दिलात, तर थकबाकीच्या कारणावरून ताब्याचा हुकूम होत नाही. व्याजाचा हिशेब असा: भाडं २,००० असेल तर एका हप्त्यावर महिन्याला २५ रुपये. दहा महिने थकलेत, सगळ्यात जुना हप्ता दहा महिन्यांचा आणि सगळ्यात नवा एका महिन्याचा, तर १० + ९ + ८ असं १ पर्यंत मोजून ५५ महिने होतात. ५५ गुणिले २५ म्हणजे १,३७५. एकूण भरायचे २१,३७५.

यात चूक होते ती दोन ठिकाणी. लोक नोटिशीतला आकडाच भरतात आणि नोटीस ते समन्स या काळातलं भाडं विसरतात. दुसरं, एकदा मोठी रक्कम भरली की पुढचे महिने सुटतात. वकिलाच्या भरवशावर न राहता दर महिन्याची तारीख स्वतः लिहून ठेवा.

कुलूप, मीटर, पाणी

वीज किंवा पाणी तोडणं कलम २९ खाली गुन्हा आहे, भाडं वर्षभर थकलेलं असलं तरी. भाडेकरूला कोर्टाकडून पुरवठा पूर्ववत करून घेता येतो. सामान बाहेर काढून कुलूप लावलं असेल तर विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ६ खाली ताबा परत मागता येतो, पण सहा महिन्यांच्या आत. त्याच दिवशी फोटो काढा, शेजाऱ्यांची नावं टिपा, पोलिसांत लेखी तक्रार देऊन पोच घ्या.

सरकारनं स्थगिती दिली तर

कोरोनात, १७ एप्रिल २०२० रोजी, राज्याच्या गृहनिर्माण विभागानं घरमालकांना भाडेवसुली किमान तीन महिने पुढं ढकलण्याची आणि थकबाकीसाठी कोणाला घराबाहेर न काढण्याची सूचना केली होती. 'पुढं ढकला' याचा अर्थ 'माफ करा' असा नव्हता. पुन्हा कधी असा आदेश निघाला तर त्यातल्या तीन गोष्टी आधी शोधा: सूचना की बंधन, कोणाला लागू, कोणत्या तारखेपर्यंत. आणि त्या काळात जमेल तेवढं भरून हप्त्यांचा करार लेखी करून घ्या, नाही तर मुदत संपल्यावर सगळं एकदम अंगावर येतं.

मालकाला कायमची मिळणारी सवलत आयकरात आहे. बुडालेलं भाडं अटी पूर्ण केल्या तर उत्पन्नातून वगळता येतं. त्यातल्या मुख्य अटी: भाडेकरार खरा हवा, भाडेकरूनं जागा सोडलेली हवी किंवा त्याला काढण्यासाठी पावलं उचललेली हवीत, आणि वसुलीचे कायदेशीर प्रयत्न केलेले हवेत. इथंही नोटिशीची प्रत लागते.

आपल्याकडं पुराचा प्रश्न वेगळा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ४३ फुटांची धोका पातळी ओलांडते तेव्हा सुतारवाडा, शाहूपुरीची कुंभार गल्ली इथली भाड्याची घरं आधी पाण्यात जातात. २०१९ च्या पुरात घर बुडालेल्या कुटुंबांना शहरात १५,००० आणि ग्रामीण भागात १०,००० रुपये सानुग्रह अनुदान जाहीर झालं होतं. भिंत मालकाची असली तरी भिजलेला संसार भाडेकरूचा असतो, म्हणून पंचनाम्याला भाडेकरूनं स्वतः हजर राहावं. नोंदणीकृत करार, रेशनकार्ड, गॅसचं पुस्तक यांच्या प्रती उंचावर किंवा मोबाईलमध्ये ठेवा. मदत आली म्हणून भाडं आपोआप थांबत नाही. बंद महिन्यांचं काय करायचं ते मालकाशी लेखी ठरवा.

वकिलाचे पैसे नसतील तर कसबा बावड्यातल्या न्यायसंकुलात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं अर्ज करा. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि पूरग्रस्त यांना उत्पन्नाची अट नाही. लोकअदालतीत तडजोड झाली तर तिला हुकूमनाम्याचं बळ असतं आणि कोर्ट फी परत मिळते. उच्च न्यायालयापर्यंत जायची वेळ आली तरी ऑगस्ट २०२५ पासून सर्किट बेंच कोल्हापुरातच आहे.

समझोत्यानं जागा सोडताना किल्ली नुसती हातात देऊ नका. ताबा पावती करा: तारीख, वीज मीटरचं रीडिंग, राहिलेलं भाडं, परत दिलेलं डिपॉझिट, दोघांच्या सह्या आणि दोन साक्षीदार. दोन प्रती, दोघांकडं एकेक.