मूठ सोडली तरी रेस उतरत नाही: दोष कसा शोधावा

सिग्नलला मोटारसायकलचा क्लच दाबून ॲक्सिलरेटरची मूठ पूर्ण सोडली तरी इंजिन काही सेकंद अडीच-तीन हजार आरपीएमवर ओरडत राहते आणि मग रेंगाळत खाली येते. नागपुरात मार्च उलटला की ही तक्रार घेऊन लोक गॅरेज गाठतात आणि बहुतेकांना तीनपैकी एक उत्तर मिळते. पहिले म्हणजे ‘स्लो कमी करून देतो’ (स्लो किंवा आयडल म्हणजे मूठ न पिळता इंजिन ज्या वेगाने चालते तो वेग), दुसरे ‘एअर फिल्टर बदला’ आणि तिसरे ‘ऊन आहे, चालायचेच’. तिन्ही उत्तरे मी पैसे मोजून ऐकलेली आहेत आणि तिन्ही चुकीची आहेत. तुंबलेला फिल्टर हवा अडवतो, म्हणजे हवा-पेट्रोलच्या मिश्रणातील पेट्रोलचे प्रमाण वाढवतो. तापलेली हवा विरळ असल्यामुळे कार्बोरेटरच्या (हे मिश्रण तयार करणाऱ्या भागाच्या) गाडीत तीही मिश्रणाला त्याच बाजूला नेते. आपला दोष बहुतेक वेळा याच्या नेमका उलट, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी असण्याचा असतो. ऊन दोषी आहे ते निराळ्या वाटेने, आणि त्याविषयी पुढे लिहिले आहे. स्लो कमी करणे हा तर निव्वळ झाकपाकीचा उद्योग आहे, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी थंड गाडी बंद पडू लागते आणि स्क्रू पुन्हा आत जातो.

प्रथम दोषाचा प्रकार ओळखावा. दहा मिनिटे गाडी चालवून इंजिन नीट तापू द्यावे, चोक (थंड इंजिनसाठी मिश्रणातील पेट्रोल वाढवणारी कळ) ओढलेला नसल्याची खात्री करावी आणि गाडी न्यूट्रलमध्ये ठेवूनच पाहावे, कारण गिअरमध्ये चाक इंजिनला ओढून खाली आणते आणि दोष लपतो. मूठ झटक्यात चार हजारांपर्यंत पिळून एकदम सोडावी. इंजिन वरच्या वर अडकून खाली येतच नसेल तर अडथळा मुठीच्या केबलमध्ये किंवा तिने वर-खाली होणाऱ्या कार्बोरेटरच्या स्लाइडमध्ये आहे. ते थोडे थांबून मग सावकाश उतरत असेल तर मिश्रण लीन आहे, म्हणजे पेट्रोल कमी पडते आहे. ते नेहमीच्या आयडलच्याही खाली बुडी मारून पुन्हा वर येत असेल तर मिश्रण रिच आहे, म्हणजे पेट्रोल जास्त होते आहे, आणि तो या लेखाचा विषय नाही.

केबलचे काम पाच मिनिटांचे आहे. इंजिन आयडलवर ठेवून हँडल दोन्ही बाजूंना टोकापर्यंत वळवावे. आवाज बदलला तर केबल ताणली जाते आहे. मुठीला साधारण २ ते ६ मिलिमीटर मोकळी फिरकी असावी, नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत मिळतो. हौसेने बसवलेले जाड ग्रिप कव्हर हँडलच्या टोकावरील वजनाला घासत असेल तर ते काढून टाकावे.

इंजिन बंद करून कार्बोरेटरच्या तोंडात पाहत मूठ सोडली असता स्लाइड स्पष्ट ‘टक’ असा आवाज करून खाली बसली पाहिजे.

इथपर्यंत सारे ठीक निघाले तर खरे काम सुरू होते. चालत्या इंजिनचा चोक किंचित ओढावा. त्याने रेंगाळणे कमी झाले तर मिश्रण लीन असल्याची खात्री पटते. पेट्रोलच्या एका भागाला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा हे पूर्ण ज्वलनाचे प्रमाण मानले जाते. कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या रबरी मॅनिफोल्डला चीर पडली की तिथून चोरटी हवा आत येते आणि हे प्रमाण बिघडते. मूठ सोडल्यावर मॅनिफोल्डमधील ओढ सर्वांत जास्त असते, म्हणून नेमक्या त्याच क्षणी ही हवाही सर्वांत जास्त शिरते. उन्हाचा गुन्हा इथे आहे. पारा ४५ अंशांपुढे गेलेला असताना दिवसभर कार्यालयाबाहेर उघड्यावर उभ्या असलेल्या गाडीचे रबर काही उन्हाळ्यांतच कडक होते आणि तडकते.

ही गळती शोधण्यात मी स्वतः दोन महिने घालवले. माझ्या १५० सीसीच्या गाडीचा कार्बोरेटर दोनदा साफ झाला होता, केबल नवी होती, तरी व्हरायटी चौकाच्या सिग्नलला इंजिन पूर्वीसारखेच रेंगाळत होते. इंटरनेटवर वाचून मी कार्ब क्लीनरचा फवारा मॅनिफोल्डवर मारला. आरपीएम बदलले, मला आनंद झाला, मी ओ-रिंग (सांध्यातील रबरी कडी) आणि क्लॅम्प बदलले, आणि दोष तसाच राहिला. कारण फवारा केवळ सांध्यावर पडत नव्हता. त्याची वाफ एअर बॉक्सच्या (एअर फिल्टरच्या डब्याच्या) तोंडातूनही आत ओढली जात होती, त्यामुळे तो कुठेही मारला तरी इंजिनचा आवाज बदलायचा. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे ही द्रव्ये ज्वलनशील असतात आणि सायलेन्सरचा तापलेला पाइप तिथून वीतभर अंतरावर असतो. काही जण तर ब्रशने पेट्रोल लावून पाहण्याचा सल्ला देतात. तो कोणीही दिला तरी ऐकू नये.

त्यानंतर मी एकच पद्धत वापरतो. औषधाच्या दुकानातून पाच मिलिलिटरची सिरिंज आणावी, सुई काढून टाकावी आणि तीत साबणाचे थोडे पाणी भरावे. इंजिन आयडलवर ठेवून सांध्याच्या कडेने एकेक थेंब सोडत जावे. आधी इंजिनच्या हेडजवळची (वरच्या भागाजवळची) कड, मग रबराची वरची बाजू, मग क्लॅम्पची कड आणि व्हॅक्यूमची नळी किंवा तिचे टोपण. जिथे थेंब ओघळण्याऐवजी आत ओढला जातो आणि इंजिनचा सूर क्षणभर बदलतो, तिथे भोक आहे. हेडजवळ पाण्याची वाफ होते, ती पाहून फसू नये. थेंब आत जाणे आणि सूर बदलणे या दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडल्या पाहिजेत. दोन-तीन मिनिटांत तपासणी संपत नसेल तर उभी गाडी अति तापू न देता इंजिन बंद करावे आणि थोड्या वेळाने पुन्हा सुरू करावे.

रबराची खालची बाजू कोणीही पाहत नाही, आणि माझी चीर तिथेच होती. कार्बोरेटर उतरवून मॅनिफोल्ड हातात घेतल्यावरही ती दिसली नाही. अंगठ्याने रबर दुमडले तेव्हा नखाएवढी फट उघडली, आणि सोडताच पुन्हा मिटली. म्हणून मॅनिफोल्ड काढल्यावर तो चारही बाजूंनी वाकवून पाहिल्याशिवाय चांगला ठरवू नये. तो काढलेलाच आहे तर त्याची चपटी बाजू काचेवर ठेवून डगमगते का हेही पाहावे, कारण पूर्वी कोणी बोल्ट जोर लावून आवळले असतील तर ती वाकलेली असते. किंचित वाक असेल तर काचेवर बारीक पॉलिश पेपर पसरून घासता येतो. चीर मात्र बुजवू नये. सिलिकॉनचा लेप पेट्रोलने फुगतो आणि त्याचे तुकडे आत ओढले जातात. नवा मॅनिफोल्ड आणि नवी ओ-रिंग हाच उपाय आहे. बसवताना दोन्ही बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळावेत, सहा मिलिमीटरच्या बोल्टला साधारण १० न्यूटन-मीटर पुरेसे असतात.

गळती नसेल तर बहुधा पायलट जेट (कार्बोरेटरमधला आयडलला पेट्रोल पुरवणारा बारीक छिद्राचा भाग) तुंबलेला असतो. तो काढून क्लीनर आणि दाबाच्या हवेने साफ करावा, छिद्रात तार घालू नये. त्यानंतर मिश्रणाच्या स्क्रूकडे वळावे. स्क्रू एअर बॉक्सच्या बाजूला असेल तर तो हवेचा असतो आणि आत फिरवल्याने पेट्रोलचे प्रमाण वाढते. इंजिनच्या बाजूला असेल तर तो पेट्रोलचा असतो आणि बाहेर फिरवल्याने ते वाढते. हा फरक न ओळखता स्क्रू फिरवणाऱ्यांनी अनेक धडधाकट गाड्या बिघडवल्या आहेत. हल्लीच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये ऑक्सिजन आधीच असल्याने कार्बोरेटरच्या जुन्या गाडीचे मिश्रण थोडे लीन होतेच, तेव्हा हा स्क्रू पाव फेरा हलवावा लागला तर नवल वाटू नये.

तरीही दोष राहिला तर व्हॉल्व्हचे अंतर इंजिन पूर्ण थंड असताना तपासून घ्यावे.

एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत बहुधा कार्बोरेटर नसतो. तिथे केबल आणि गळतीच्या तपासण्या याच क्रमाने कराव्यात, थ्रॉटल बॉडीवरील (मुठीनुसार हवा कमी-जास्त सोडणाऱ्या भागावरील) काजळी साफ करावी आणि पुढचे काम स्कॅनर असलेल्या मेकॅनिकवर सोपवावे. थ्रॉटल बॉडीवरचा रंग लावून बंद केलेला स्टॉप स्क्रू फिरवू नये.

आयडलच्या स्क्रूला हात सर्वांत शेवटी लावावा. दोष गेल्यावर आयडल बहुधा नेहमीपेक्षा वर किंवा खाली गेलेले आढळते, कारण आधीच्या प्रत्येक मेकॅनिकने तो स्क्रू आपल्या परीने फिरवलेला असतो. तापलेल्या इंजिनवर ते पुस्तिकेतील आकड्यावर आणावे, बहुतेक लहान गाड्यांत तो १४०० च्या आसपास असतो. दोष गेल्याची चाचणी सकाळच्या गारव्यात करून समाधान मानू नये. दुपारी तीन वाजता वर्धा मार्गाने एक फेरी मारून, पहिल्याच लाल सिग्नलला क्लच दाबून मूठ सोडावी आणि कान द्यावा.