बापाची रजा सक्तीची करायची तर नियम असा लिहा

केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला १९७२ च्या रजा नियमांनुसार १५ दिवसांची पितृत्व रजा मिळते. हयात अपत्यं दोनपेक्षा कमी हवीत आणि रजा बाळंतपणानंतरचे सहा महिने उलटायच्या आत घ्यायची, नाहीतर ती बुडते. खासगी नोकरीसाठी असा कायदा नाही. हिंगोलीचे तेव्हाचे खासदार राजीव सातव यांनी २०१७ मध्ये त्यासाठी खासगी विधेयक मांडलं होतं, ते मंजूर झालं नाही. म्हणून नागपूरजवळच्या हिंगणा-बुटीबोरीतला कारखाना असो की मिहानमधलं ऑफिस, नियम मालकालाच करावा लागतो.

रजा ऐच्छिक ठेवली की माणूस मागत नाही. "बाळंतीण तू आहेस का?" हा सुपरवायझरचा एक टोमणा पुरतो. सक्ती असली की मागायची वेळच येत नाही. पण पंधराही दिवस लागोपाठ सक्तीचे करू नका. आपल्याकडे पहिलं बाळंतपण बहुधा माहेरी होतं. बायको भंडाऱ्याला किंवा यवतमाळला, आणि हा तिथे जावई म्हणून पाहुणचार घेत बसणार. ती सव्वा किंवा तीन महिन्यांनी बाळाला घेऊन नागपूरला येते, तेव्हा रात्रीची जागरणं सुरू असतात आणि याची रजा संपलेली असते. म्हणून पहिले ५ दिवस प्रसूतीच्या दिवसापासून सक्तीचे ठेवा. उरलेले १० दिवसही सक्तीचेच, पण तारखा त्याच्या, सहा महिन्यांच्या आत, हव्या तर दोन तुकड्यांत. फ्रान्समध्येही २०२१ पासून २८ पैकी ७ दिवसच सक्तीचे आहेत.

खरी मेख पगारात असते. मूळ पगार देऊन हजेरी बोनस आणि उत्पादन इन्सेंटिव्ह कापला, तर सक्तीची रजा म्हणजे दंडच झाला. मागच्या तीन महिन्यांच्या सरासरीने इन्सेंटिव्ह द्या. ही रजा किरकोळ किंवा अर्जित रजेतून वळती करू नका.

सातव्या महिन्यात अंदाजे तारीख कळवायला सांगा आणि बदली माणूस तेव्हाच नेमा. तारीख दोन-तीन आठवडे मागेपुढे होते, त्यामुळे बदली माणूस गरोदरपणाच्या ३७व्या आठवड्यापासून तयार हवा. पहिल्या पाच दिवसांसाठी व्हॉट्सॲपवरचा निरोप पुरे, कागद नंतर. जन्मनोंदणीलाच २१ दिवसांची मुदत असते, मग दाखला लगेच कुठून आणणार? रजेच्या काळात त्याला कामाच्या ग्रुपमधून काढा. फोनवर काम चालू राहिलं तर रजा फक्त हजेरीपटावर.

मूल मृत जन्मलं तरी रजा तशीच लागू, हे स्पष्ट लिहा. दत्तक मुलासाठीही. कंत्राटी कामगारांचा पगार कोण देणार ते कंत्राटातच ठरवा, नाहीतर कंपनी आणि कंत्राटदार एकमेकांकडे बोट दाखवतात.

दर तिमाहीला बाप झालेल्यांची यादी आणि घेतलेले दिवस ताडून बघा. दिवस उरले असतील तर जाब सुपरवायझरला विचारा.