बागेतलं कारंजं कटकट का होऊन बसतं? या चुका टाळा

पाणी हिरवं झालं की लोक आधी पंपाला नावं ठेवतात. बहुतेक वेळा चुकलेली असते ती जागा. दिवसभर उन्हात असलेलं उथळ पाणी तापतं, उडून जातं आणि शेवाळ धरतं. झाडाखाली ठेवलं तर पानं पडून कुजतात आणि शेवाळाला आयतं खत मिळतं. सकाळचं ऊन, दुपारची सावली आणि वर फांदी नाही, अशी जागा शोधा. सगळं पाणी उपसून नवं भरणं हा उपाय नव्हेच. ऊन आणि कुजका गाळ तसाच राहिला तर शेवाळ पुन्हा येणार.

दुसरी चूक टाकीची. दिसायला नाजूक भांडं घेतलं जातं, त्यात पाणी जेमतेम, आणि पातळी खाली गेली की पंप कोरडा फिरून जळतो. कमी देखभाल हवी असेल तर उघडं तळं करूच नका. जमिनीत मोठी टाकी पुरा, वर मजबूत जाळी आणि गोटे, पाणी गोट्यांतून झिरपून परत टाकीत. ऊन लागत नाही, पाणी कमी उडतं, लहान मुलं असलेल्या घरात धोकाही कमी. पंप मात्र तळाशी न ठेवता विटेवर ठेवा, नाहीतर गाळ ओढतो.

धार बारीक पडते? पंपावरचा ताशी लिटरचा आकडा शून्य उंचीचा असतो. पाणी जितकं वर चढवाल तितका प्रवाह घटतो, आणि कमाल उंचीला तो शून्यच होतो. आधी पंपाच्या तोंडावरची जाळी साफ करून बघा, मगच नवा पंप. पाणी बाहेर उडत असेल तर धारेची उंची कमी करा; वाऱ्याच्या जागी तर नक्कीच.

वीज वाचवायला पंप आठवडाभर बंद ठेवणं महागात पडतं. उबदार हवेत डासाच्या अंड्याचा डास व्हायला साधारण 7 ते 10 दिवस पुरतात. बाहेरगावी जाणार असाल तर भांडं रिकामं करा. उघडं तळं असेलच तर गप्पी मासे अळ्या खातात, पण ते नदी-ओढ्यात कधीच सोडू नयेत.

विजेची जोडणी जाणकाराकडूनच, 30 मिलीअँपिअरच्या गळतीरोधक स्विचसह (वीज गळू लागली की पुरवठा लगेच तोडणारा स्विच, आरसीसीबी).

दगडावरचे पांढरे डाग जड पाण्यातल्या क्षारांचे. पाण्याची भर घालत राहिलं की ते साचतात, म्हणून अधूनमधून थोडं पाणी काढून टाका. पंपावरचा थर पातळ व्हिनेगरने निघतो. चुनखडीच्या दगडाला मात्र ते लावू नका, दगडच झिजतो.