जुनी बोर्डो चाखायची, तर आधी बाटली उभी करा

पुतण्यानं फ्रान्सहून आणलेली २००५ ची बोर्डो, म्हणजे तिथल्या बोर्डो भागातली लाल वाईन, मी तासगावला पोचली त्याच रात्री उघडली होती, तीही मटणाच्या ताटाशेजारी. शेवटचे दोन पेले गढूळ निघाले, चव खडूसारखी. वाईनचा दोष नव्हता, घाई माझी होती.

आता बाटल्या दोन दिवस आधी कपाटात उभ्या करतो. वर्षं जातात तसे द्राक्षाच्या सालीचे रंग आणि टॅनिन, म्हणजे तुरट अंश, एकमेकांना चिकटून जड होतात, तळाशी बसतात. तरुण वाईन डाळिंबाच्या सालीसारखी जीभ आवळते, जुनी मऊ लागते, ते त्यामुळंच. ओतताना बाटलीच्या मानेखाली मोबाईलचा टॉर्च धरा आणि हात न हलवता एका दमात भांड्यात घ्या. गाळाची रेघ मानेपर्यंत आली की थांबायचं. तळाची दोन बोटं सोडून द्या, जीव तुटला तरी.

तुलना करायची तर एका वेळी एकच फरक ठेवा. आमच्या हरिपूरला कृष्णा-वारणेचा संगम आहे, तसा तिकडं बोर्डोत गारोन आणि दोर्दोन्य या नद्यांचा. पुढं त्या जिरोंद होऊन समुद्राला मिळतात. डाव्या काठाला मेदोकची खडीची जमीन, तिथं कॅबर्ने सोव्हिन्यों हे द्राक्ष जास्त. उजवीकडं साँतेमिलियों, पोमरॉल ही गावं, तिथं मर्लो द्राक्षाचं राज्य. एकाच सालच्या, दोन काठांच्या बाटल्या शेजारी ठेवा. नाहीतर एकाच घराण्याची २००९ आणि २०१० घ्या: पहिली उन्हाळलेली, भरदार, दुसरी आंबटसर, ताठ.

बाटल्यांना वर्तमानपत्र गुंडाळायचं काम बायकोकडं. लेबल दिसलं की माझी जीभ खोटं बोलते.

बेदाण्याच्या सौद्यात मी आधी रंग बघतो, मग वास, मग दाताखाली. इथंही तोच क्रम. पेला पांढऱ्या कागदावर तिरका धरा; कडेला जांभळी छटा असेल तर वय कमी, विटेचा रंग असेल तर मुरलेली. पेला फिरवण्याआधी एकदा हुंगा. जुन्या कॅबर्नेत शिसपेन्सिलला टोक काढतानाचा वास येतो, तंबाखूच्या वखारीचा, चामड्याचा. ढोबळी मिरची आली तर द्राक्ष पुरतं पिकलं नव्हतं, असा माझा पहिला संशय. आणि पावसात भिजलेल्या बेदाण्याच्या बॉक्ससारखा वास आला, तर बूच बिघडलंय. तो वास हवेनं जात नाही; बाटली बाजूला ठेवा, मार्क देऊ नका.

घोट तोंडात घोळवून बादलीत थुंकायचा. पाहुणे हसतात, हसू द्या.

पहिल्या घोटावर निकाल नको. ओतल्यावर, वीस मिनिटांनी आणि तासानं असं तीनदा लिहा. मागच्या डिसेंबरात साँतेमिलियों सुरुवातीला पुढं होती, तासाभरात पातळ पडली. मेदोक तेव्हा कुठं तोंड उघडत होती. पण फार जुनी बाटली तास-दोन तास आधी उघडून ठेवू नका, उरलासुरला वासही उडतो.

वाईन सोळा ते अठरा अंशांवर बरी. सांगलीच्या एप्रिलात खोलीच पस्तिशीला असते, तेव्हा बाटली आधी फ्रीजमध्ये.

सोबत साधा पाव, पाणी. भडंगाची पिशवी शेवटचा आकडा लिहून होईपर्यंत कपाटातच. एकानं मध्येच मूठ मारली, आणि पुढच्या दोन्ही वाईनना त्यानं लिहिलं: ‘लसूण’.