गल्फमधून परत आल्यावर अडकलेली ग्रॅच्युइटी कशी काढली (माझा अनुभव)

शारजात (यूएई) सहा वर्षं स्टील फिक्सर (बांधकामाच्या सळया बांधणारा) होतो, साइट बंद झाली तसं कंपनीने तिकीट हातात दिलं आणि हिशोब नंतर पाठवतो म्हणून खेडला घरी धाडलं. वर "सगळे पैसे मिळाले" असा कागद पुढे केला, त्यावर सही केली नाही आणि तेच पुढे कामाला आलं.

ग्रॅच्युइटीचा, म्हणजे नोकरी सुटताना मिळणाऱ्या रकमेचा, यूएईचा नियम असा की पहिली 5 वर्षं दरवर्षी 21 दिवसांचा बेसिक पगार, पुढे दरवर्षी 30, आणि काम सुटल्यावर 14 दिवसांत द्यायचं. माझा बेसिक 1200 दिरहॅम (ओव्हरटाइम धरत नाहीत बरं का), म्हणजे रोजचे 40, सहा वर्षांच्या 135 दिवसांचे (5 × 21 + 30) 5400.

आपल्या सरकारच्या मदद पोर्टलवर (परदेशातल्या भारतीयांच्या तक्रारींची वेबसाइट) तक्रार टाकली, पासपोर्ट, लेबर कॉन्ट्रॅक्ट, बँक स्टेटमेंट जोडलं. पण तिकडे धावपळ करायला माणूस लागतोच, म्हणून तिथे असलेल्या मेव्हण्याच्या नावाने मुखत्यारपत्र केलं, आधी नोटरी मग मंत्रालय मग परराष्ट्र खातं आणि शेवटी यूएईच्या वकिलातीचा शिक्का, डोकं उठतं नुसतं! त्याने तिथल्या कामगार मंत्रालयात केस टाकली, 50,000 दिरहॅमपर्यंतचं प्रकरण आता तेच निकाली काढतात. कंपनीवाले हप्त्याने देतो म्हणाले, मेव्हणा ऐकला नाही. रजेचा पगार उरला असेल तर तोही त्याच अर्जात मागा, माझा तसाच वसूल झाला.