सेल्फ ड्राइव्ह गाडीचं डॅमेज बिल आलंय? एजन्सीत जायच्या आधी एवढं गोळा करा

सगळ्यात आधी, फोनवर काहीच कबूल करू नका. "बघू, काहीतरी मिटवून टाकू" असंसुद्धा नको, कारण समोरचा ते "कस्टमरने मान्य केलं" असंच धरतो. मला फोन आला तेव्हा मी नेमकं हेच बोललो होतो आणि पुढचे तीन आठवडे तेच वाक्य माझ्या डोक्यावर मारलं जात होतं. एवढंच म्हणायचं, जे काय डॅमेज आहे ते फोटो आणि हिशोबासकट लिहून पाठवा, मी बघून उत्तर देतो. आणि फोन ठेवला की लगेच त्यांना व्हॉट्सॲप टाकायचं, आज इतक्या वाजता तुमचा फोन आला, तुम्ही इतकी रक्कम सांगितली, मला ती मान्य नाही, कागद पाठवा.

माझं प्रकरण थोडक्यात सांगतो म्हणजे पुढचं कळेल. सोलापुरातल्याच एका एजन्सीकडून एक दिवसासाठी स्विफ्ट घेतली, सकाळी आत्या आणि आई-बाबांना तुळजापूर, तिथून परत येऊन जेवून पंढरपूर, रात्री गाडी जमा. घेताना मीटर ६१,८४२, देताना ६२,०९१, म्हणजे २४९ किलोमीटर. दुसऱ्या दिवशी दुपारी बिल आलं, पुढचा बंपर ८,५००, डावं दार पेंट ४,५००, डावा आरसा १,४००, आणि गाडी तीन दिवस उभी राहणार म्हणून रोजचे २,००० धरून ६,०००. एकूण २०,४००. डिपॉझिट ५,००० त्यांच्याकडे होतंच, वरचे १५,४०० द्या म्हणे.

आता यातला आरसा माझाच होता, पंढरपुरात एका बोळात समोरून टमटम आली आणि मी भिंतीला घासला. ते मी कबूल केलं आणि तुम्हीही जे तुमचं आहे ते पहिल्याच मेसेजमध्ये कबूल करा, त्याने उरलेल्या गोष्टींना जोर येतो. सगळंच नाकारणाऱ्या माणसाचं कोणी ऐकत नाही.

मग फोटो. नुसते गाडीचे फोटो शोधू नका, त्या दिवशीचे सगळ्यांच्या मोबाइलमधले सगळे फोटो मागवा. मी गाडी घेताना व्हिडिओ काढला होता पण पहाटे साडेसहाला, एजन्सीच्या पिवळ्या लाइटखाली, गाडीवर धुळीचा थर, त्यात बंपरवर काय आहे काय नाही काही दिसत नव्हतं. कामाला आला तो आत्याने आमच्या घरासमोर काढलेला फोटो, ७ वाजून ५ मिनिटांचा, ज्यात आई डब्याची पिशवी घेऊन गाडीपुढे उभी आहे आणि तिच्या साडीच्या काठाशेजारी बंपरचा डावा कोपरा दिसतो, ज्या पांढरट रेघेसाठी बंपरचे पैसे मागितले होते ती त्यावर स्पष्ट आहे. गाडी तेव्हा एजन्सीपासून चार किलोमीटर चाललेली. कोणी म्हणेल त्या चार किलोमीटरमध्ये ठोकली असेल, म्हणू दे, पण सकाळी साडेसहाला रिकाम्या होटगी रोडवर काय ठोकणार.

असा फोटो सापडला की ओरिजिनल फाइल घ्या. व्हॉट्सॲपवर साधा पाठवलेला फोटो बारीक होतो आणि त्यातली मूळ वेळेची माहिती उडते, म्हणून "डॉक्युमेंट" करून पाठवायला सांगा नाहीतर केबल लावून काढा, आणि ज्या मोबाइलवर काढला तो मोबाइल विकू नका, फॉरमॅट मारू नका. प्रकरण ग्राहक आयोगापर्यंत गेलं तर असल्या डिजिटल पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे सर्टिफिकेट जोडायला लागू शकतं, त्यात कुठल्या मोबाइलमधून काय काढलं ते लिहायचं असतं. फास्टॅगचं स्टेटमेंटपण एजन्सीकडून मागा, टोलवरून गाडी किती वाजता गेली ते त्यात असतं.

त्यांचे फोटोही मागायचे. मला आलेला फोटो म्हणजे नुसता बंपरचा तुकडा, एवढा झूम केलेला की स्विफ्ट आहे की ट्रॅक्टर कळत नाही, नंबर प्लेट नाही, तारीख नाही. तर लेखी मागणी करा, नंबर प्लेट दिसेल असा पूर्ण फोटो, काढल्याची वेळ, आणि सगळ्यात महत्त्वाचं, तुमच्या आधीच्या गिऱ्हाइकाने गाडी जमा केली तेव्हाचे फोटो. ही शेवटची मागणी ऐकली की बहुतेकांचा आवाज खाली येतो. गाडी तुमच्याकडे येण्याआधी नीट होती हे दाखवायला त्यांच्याकडेही काहीतरी पाहिजे की नाही.

ॲग्रीमेंट आणि हँडओव्हरचा कागद काढा. त्यावर गाडीचं चित्र असतं आणि जुन्या ओरखड्यांना फुल्या मारायच्या असतात. माझ्या कागदावर एकही फुली नव्हती, खाली "ऑल ओके" आणि त्याखाली माझी सही. होय, न वाचता केली, आत्या बाहेर घाई करत होती. तुमचंही तसंच असेल तर घाबरू नका पण लपवूही नका, तो कागद त्यांच्याकडे आहेच. ६१,००० किलोमीटर चाललेल्या भाड्याच्या गाडीवर एकही ओरखडा नाही असं लिहिणारा कागद किती खरा मानायचा, हा प्रश्न तुम्हीच आधी विचारा. ॲग्रीमेंटमध्ये डॅमेजची जास्तीत जास्त जबाबदारी किती, असं एक कलम बहुतेक वेळा असतं, त्यावर पेन्सिलने खूण करा. आणि दंडाचा ठरावीक आकडा छापलेला असला, उदाहरणार्थ "कोणताही ओरखडा ५,०००", तरी भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम ७४ प्रमाणे तो आकडा फार तर कमाल मर्यादा असतो, त्याच्या आत वाजवी भरपाई मिळते. छापलं म्हणून आख्खा आकडा आपोआप देणं लागत नाही.

बिलाकडे जरा वेळ द्या कारण खरी मजा तिथेच आहे. मला जे आलं होतं ते बिल नव्हतंच, कोटेशन होतं, साध्या लेटरहेडवर. कोटेशन म्हणजे "एवढा खर्च येऊ शकतो", खर्च झाला असं नाही. जीएसटी नंबर असलेलं टॅक्स इन्व्हॉइस मागा, जॉब कार्ड (गॅरेजमधली कामाची नोंद) मागा, पैसे दिल्याची पावती मागा. जीएसटी नंबर सरकारी पोर्टलवर लॉगिन न करता कोणालाही तपासता येतो, गॅरेजचं नाव जुळतंय का बघा. बंपर बदलला म्हणत असतील तर जुना बंपर दाखवा म्हणा. दाराला एक रेघ असेल तर ती रबिंग-पॉलिशने जाते का, टच-अप लागतो का, की आख्खं पॅनेल रंगवायला लागतं, यात हजारोंचा फरक पडतो.

हे आपल्याला कळत नाही म्हणून फोटो घेऊन एखाद्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे जा. मी अक्कलकोट रोडच्या बाजूला एका ओळखीच्या मिस्त्रीकडे गेलो, चहा सांगितला, मोबाइल त्याच्या हातात दिला. त्याने फोटो बोटांनी मोठा केला, खाली-वर केला आणि म्हणाला, "सायेब, हे बंपर आधीच एकदा भरलेलं हाय की." कसं काय विचारलं तर म्हणाला बंपर प्लास्टिकचा, खोल ओरखडा पडला तर आतलं काळं प्लास्टिक दिसायला पाहिजे, इथं रंगाखाली पांढरट-राखाडी थर दिसतोय, ती लांबी (पुट्टी) आहे, म्हणजे कोणीतरी आधी ठोकून, लांबी लावून, वरून रंग मारून गाडी फिरवतंय. मी इतके दिवस तोच फोटो बघत होतो आणि मला फक्त रेघ दिसत होती. त्याच्याकडून दोन ओळी लिहून घेतल्या, गॅरेजचा शिक्का मारून, आणि दाराच्या कामाचा अंदाजही घेतला, तो एजन्सीच्या आकड्याच्या निम्म्याहून कमी निघाला. चहाचे पैसेपण त्यानेच दिले.

समजा बंपर खरंच तुमच्याकडून फुटला, तरी जुन्या बंपरच्या जागी नव्या बंपरची आख्खी किंमत का. मोटार विम्यात प्लास्टिक आणि रबरच्या पार्टवर ५० टक्के घसारा धरतात. एजन्सीला तो नियम थेट लागू होत नाही पण वाजवी किती ते सांगायला हे माप चांगलं आहे. आणि विम्यातून क्लेम केलाय का हे लेखी विचारा, विमा कंपनीकडूनही घ्यायचे आणि आपल्याकडूनही घ्यायचे हे चालत नाही.

इथे नंबर प्लेटचा विषय येतो. सेल्फ ड्राइव्ह भाड्याच्या गाडीला काळी पाटी आणि पिवळी अक्षरं असतात. पांढरी पाटी म्हणजे खासगी गाडी, ती भाड्याने देणं नियमात बसत नाही, आणि खासगी विम्याच्या पॉलिसीत भाड्याने वापर बसत नसल्यामुळे क्लेम नाकारला जाऊ शकतो, मग ते बिल तुमच्या गळ्यात. आपल्याकडे पांढऱ्या पाटीच्या गाड्या सर्रास दिल्या जातात, त्यामुळे तुमची कोणती होती ते फोटोत बघून ठेवा. पांढरी असेल तर एजन्सीला आयोगात जायची तुमच्यापेक्षा जास्त भीती असते.

गाडी उभी राहिल्याचे पैसे हा सगळ्यात पोकळ भाग. गॅरेजमध्ये कधी गेली, कधी बाहेर आली, जॉब कार्डवर तारखा असतात. माझ्या केसमध्ये जे तीन दिवस गाडी उभी होती म्हणे, त्यातल्या दुसऱ्याच दिवशी माझ्या मित्राने तीच गाडी अक्कलकोटला पार्किंगमध्ये बघितली, कोपऱ्यावर तीच रेघ. त्याला नंबर पाठवून ठेवला होता म्हणून कळलं. फोटो काढला त्याने, वेळेसकट. तुमच्या चार मित्रांना नंबर देऊन ठेवा, सोलापूर काय एवढं मोठं नाही.

पैशांचे कागद वेगळ्या फोल्डरमध्ये. डिपॉझिट कसं दिलं ते बघा. क्रेडिट कार्डवर ब्लॉक असेल आणि त्यांनी परस्पर जास्त कापले असतील तर बँकेला लगेच लेखी डिस्प्यूट टाका, तक्रार नंबर जपा, ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. यूपीआयने आपण स्वतः पिन टाकून दिलेले पैसे अशा वादात बँक सहसा परत आणून देत नाही, ते एजन्सीकडूनच काढायचे. कोरा चेक दिला असेल तर तो काय म्हणून दिला होता ते आजच मेसेज करून लेखी करून ठेवा. ओरिजिनल आधार किंवा लायसन ठेवून घेतलं असेल तर परत मागा, पुढच्या वेळी झेरॉक्सच द्या.

एवढं जमलं की एक पानाचं पत्र. शिव्या नाहीत, "तुम्ही फ्रॉड आहात" नाही. तारीखवार काय झालं, काय मान्य, काय अमान्य आणि का, किती परत पाहिजे, किती दिवसांत. मी १५ दिवस दिले. ईमेल करा आणि वर स्पीड पोस्टाने पण पाठवा, पोस्टाची पावती पिन करून ठेवा.

उत्तर नाही आलं तर १९१५, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, मराठीत बोलता येतं, ते कंपनीला तक्रार पाठवतात, आदेश देत नाहीत, पण बऱ्याच वेळा तेवढ्यानेच हलतं. तिथेही नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे तुम्ही जिथे राहता किंवा काम करता तिथे तक्रार करता येते, म्हणजे गाडी पुण्यात किंवा गोव्यात घेतली असली तरी सोलापूरच्या आयोगात जाता येतं. मुदत दोन वर्षं, दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील सक्तीचा नाही, आणि ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते.

एजन्सीत समोरासमोर जायचं असेल तर सगळ्याच्या दोन झेरॉक्स, एक त्यांना, एक त्यांचा पोच सही-शिक्का घ्यायला, ओरिजिनल घरी. सोबत कमी बोलणारा माणूस न्या. पहिल्यांदा मी मेहुण्याला नेलं, त्याने दारातच "काय बे, दरोडा घालतो का" सुरू केलं आणि आम्ही कागद न काढता परत आलो. दुसऱ्यांदा बहिणीला नेलं, ती बँकेत आहे. तिने आत्याचा फोटो, मिस्त्रीचा कागद आणि अक्कलकोटचा फोटो टेबलावर एकाशेजारी एक ठेवले आणि गप्प बसली. मालक बराच वेळ बघत होता, मग म्हणाला आरशाचं तरी द्या. ते तर द्यायचंच होतं.

तिथे मिटलं तर उठायची घाई करू नका. १,४०० कापून ३,६०० परत यायचे होते ते त्याने "संध्याकाळी टाकतो" म्हटलं, बहीण म्हणाली आम्हाला काही घाई नाही, थांबतो. पैसे आल्याचा मेसेज वाजल्यावर लेटरहेडवर "या भाड्यापोटी काही येणे बाकी नाही" असं एका ओळीत लिहून घेतलं, तारीख, गाडी नंबर आणि शिक्क्यासकट, आणि मगच निघालो.